पहिल्याच सेशनला मन मोकळं झालं नाही म्हणून थेरपिस्ट बदलू नका

सध्या एक मेसेज खूप फिरतोय, की थेरपिस्ट चांगला असेल तर पहिल्याच सेशनला मन मोकळं होतं, क्लिक झालं नाही तर लगेच दुसरा शोधा, आणि त्याचं काही खटकलं तर तो रेड फ्लॅग, म्हणजे धोक्याची खूण. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे, पण हे वाचून कोणीतरी दुसऱ्याच आठवड्यात थेरपी सोडेल याची मला खरंच काळजी वाटते, म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिल्याच सेशनला मन मोकळं होतं? अहो, ते सेशन बरंचसं माहिती घेण्यातच जातं. झोप कशी आहे, कुठली औषधं चालू आहेत, आधी कधी असं झालं होतं का, जगणं नकोसं वाटतं का. मी तर पहिले तीन सेशन नुसतं ऑफिसच्या कटकटींवर बोलत होते, मांडीवरच्या पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत, आणि चौथ्या वेळी वेळ संपली, उठले, दाराशी पोचले आणि तिथे उभ्याउभ्या बाबांचा विषय तोंडातून निघाला. असं निघता निघता खरं बोलणं थेरपिस्टना चांगलं माहीत असतं. ब्लँचर्ड आणि फार्बर यांच्या २०१६ च्या अभ्यासात तर ५४७ जणांपैकी ९३ टक्के लोकांनी कबूल केलं की आपण थेरपिस्टशी कधी ना कधी खोटं बोललोय. तेव्हा सुरुवातीला काही लपवलंत म्हणून तुमचं चुकलं असं नाही, आणि थेरपिस्ट वाईट आहे असंही नाही.

क्लिक होण्याचं म्हणाल तर आपुलकी वाटायला हवीच, पण मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की थेरपिस्टशी असलेल्या नात्यात तीन गोष्टी येतात, आपण कशासाठी काम करतोय यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि मग जिव्हाळा. पहिल्या दोन तर सरळ विचारता येतात, की आपण नेमकं काय करतोय आणि त्याने काय होणार. नीट उत्तर मिळालं तर विश्वास तिथूनच बसायला लागतो.

आता रेड फ्लॅग. तुमचं बोलणं बाहेर सांगणं, शारीरिक जवळीक साधणं, तुम्हाला कमी लेखत राहणं, यातलं काही झालं तर एक दिवसही थांबू नका. (जिवाला धोका असेल तर गुप्तता मोडावी लागते, हे मात्र चांगला थेरपिस्ट आधीच सांगून ठेवतो.)

पण खटकणं वेगळं. एकदा मी रडत असताना माझ्या थेरपिस्टनी घड्याळाकडे बघितलं. मला इतकं लागलं की घरी येऊन मी पुढची अपॉइंटमेंट कॅन्सल करायचा मेसेज टाईप करून ठेवला, पाठवला नाही एवढंच. जेरेमी सफ्रान आणि ख्रिस्तोफर मुरान या मानसशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं याच गोष्टीवर काम केलंय, की थेरपीत नातं ताणलं जाणारच, ते दोघांनी मिळून कसं सांधायचं ते महत्त्वाचं. पुढच्या वेळी मी धीर करून बोलले, आवाज कापत होता. त्यांनी स्वतःची बाजू मांडली नाही, सॉरी म्हणाल्या आणि विचारलं, त्या क्षणी तुम्हाला काय वाटलं? मी म्हटलं, घरी कोणाला माझ्यासाठी वेळ नसायचा तसंच वाटलं.

बाबांबद्दल मी नीट बोलायला लागले ते त्या दिवसापासून.