‘शाई नाही, खर्च नाही’: खिशातल्या फोटो प्रिंटरच्या मेसेजला उत्तर

घरचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, शाळेतल्या जुन्या बॅचचा ग्रुप, सगळीकडे सध्या एकच मेसेज फिरतोय. सोबत व्हिडिओ: मांजराच्या तोंडाचं एक गुलाबी यंत्र, त्यातून सरसर बाहेर येणारा फोटो. मजकूर थोडक्यात असा: ‘फोटो स्टुडिओ विसरा! खिशात मावणारा प्रिंटर घ्या. सगळे सारखेच असतात, स्वस्तातला घ्या. शाई लागत नाही म्हणजे खर्च शून्य. स्टुडिओसारखा फोटो, आयुष्यभर टिकतो. पासपोर्ट फोटोसुद्धा घरच्या घरी.’

यातलं जवळपास प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या प्रिंटरबद्दल थोडंफार खरं आहे. गोची अशी, की चार वेगळ्या जातींच्या यंत्रांचे गुण गोळा करून ते एकाच्या नावावर खपवलेत. आणि व्हिडिओतल्या मांजराला त्यातलं फारसं काही जमत नाही. भाऊबीजेला, वाढदिवसाला ही यंत्रं भेट म्हणून सर्रास दिली जाताहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘सगळे सारखेच, स्वस्तातला घ्या’

मेसेजमधलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य हेच.

हजार रुपयांच्या आसपास मिळणारी ती गोंडस यंत्रं म्हणजे दुकानातल्या बिलाचं यंत्र, फक्त कपडे बदललेलं. आत तोच ५७ मिलिमीटर रुंदीचा थर्मल रोल, जो एसटीच्या कंडक्टरच्या मशीनमध्ये असतो. यातल्या बहुतेक यंत्रांचा छपाईचा पट्टा ४८ मिलिमीटर रुंद असतो आणि त्या रुंदीत ३८४ ठिपके बसतात. ठिपका एक तर काळा, नाही तर कोरा. रंग नाहीत, करडी छटाही नाही. ठिपके दाट-विरळ करून सावलीचा भास तेवढा होतो. आजीचा सुरकुतलेला चेहरा यात कसा येईल याची कल्पना करा.

घरात आलेलं यंत्र या जातीचं आहे का, हे ओळखायला नख पुरतं. कोऱ्या कागदावर नख जोरात ओढा. काळी रेघ उठली तर तो थर्मल कागद: घासण्याच्या उष्णतेनंच तो काळा पडतो.

हे यंत्र वाईट नाही. मुलांच्या वहीत आकृत्या चिकटवायला, डब्यांवर लेबलं लावायला, वाणसामानाची यादी छापायला झकास आहे. फोटो प्रिंटर म्हणून घेऊ नका, एवढंच.

उरलेल्या तीन जाती रंगीत. एक झिंक, ज्यात रंग कागदातच असतात. दुसरी डाय-सब, म्हणजे रंगाच्या रिबनवरून कागदावर रंग चढवणारी. तिसरी फुजीफिल्मच्या इन्स्टॅक्ससारखी, जिच्यात खरीखुरी फिल्म असते आणि यंत्र तिच्यावर फक्त प्रकाश टाकतं. कुठली जात, हे कंपनीचं नाव वाचून कळत नाही. पोलरॉइडचा झिप हा झिंक, त्याच पोलरॉइडचा हाय-प्रिंट डाय-सब, आणि पोलरॉइड लॅब फिल्मवर चालतो. कोडॅकचा स्टेप झिंक, पण कोडॅक मिनी डाय-सब. कॅननच्या घरातही आयव्ही झिंक, तर ‘सेल्फी’ नावाचा प्रिंटर डाय-सब. तेव्हा दुकानदारानं ‘कोडॅकचा आहे, डोळे झाकून घ्या’ म्हटलं, तर डोळे उघडे ठेवून आधी कागदाच्या पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. निवड यंत्राची नसते, कागदाची असते. यंत्र एकदाच घेता, कागद पुन्हा पुन्हा.

‘शाई लागत नाही, म्हणजे खर्च शून्य’

शाईची बाटली किंवा काडतूस लागत नाही, हे बरोबर. झिंकच्या कागदात पिवळा, किरमिजी आणि निळसर असे रंगांचे तीन थर असतात आणि छापण्याआधी ते रंगहीन असतात. छपाईचं डोकं कागद तापवतं. जास्त उष्णता पण क्षणभर, की वरचा पिवळा थर रंगतो. कमी उष्णता पण जरा जास्त वेळ, की खालचा निळसर. मधला किरमिजी त्या दोन्हींच्या मधोमध. हे तंत्र पोलरॉइडच्या घरात वाढलं, २००५ मध्ये त्याची वेगळी कंपनी झाली आणि २००८ मध्ये पोगो नावाचा पहिला झिंक प्रिंटर आला. डोकं लढवलंय यात शंका नाही. पण म्हणजे शाई गेली कुठे? कागदात. आणि पैसे? तेही कागदात.

भाव सणासुदीला वर-खाली होतात, म्हणून आकडे ढोबळ धरा. झिंकचा २ बाय ३ इंचाचा एक कागद ४० रुपयांच्या आगेमागे पडतो. इन्स्टॅक्स मिनीची एक फिल्म ५० ते ६०. सेल्फीचा पोस्टकार्ड आकाराचा एक फोटो, रिबन धरून, २५ ते ३०. आणि कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये ४ बाय ६ चा फोटो १० रुपयांच्या आसपास निघतो, जास्त असतील तर त्याहून कमी.

आता आकार बघा. २ बाय ३ म्हणजे ६ चौरस इंच, ४ बाय ६ म्हणजे २४. म्हणजे झिंकमध्ये चौपट पैसे देऊन पाव आकाराचा फोटो मिळतो. इन्स्टॅक्स मिनीत चित्राची जागा ६२ बाय ४६ मिलिमीटर, म्हणजे त्याहूनही लहान. बाकी सगळी पांढरी चौकट.

तरी लोक घेतात, आणि त्यांचं चुकत नाही. पाहुणा दारातून निघायच्या आत त्याच्या हातात फोटो देता येतो, त्याचे हे पैसे आहेत. ते मोजायची तयारी असेल तर खुशाल घ्या. फक्त ‘शून्य’ म्हणू नका. वर्षाला किती फोटो काढून हातात घ्यावेसे वाटतील याचा प्रामाणिक अंदाज करा, त्याला कागदाच्या भावानं गुणा आणि मग यंत्राची किंमत बघा. बऱ्याच घरांत पहिल्या वर्षातच कागद यंत्राला मागे टाकतो, किंवा मग यंत्र कपाटात जातं.

जाता जाता एक: झिंकच्या अनेक पाकिटांत कागदांसोबत एक निळं कार्ड येतं. जाहिरात समजून ते केरात टाकू नका. कागदांसोबत तेही आत घालायचं असतं. त्यावरून यंत्र त्या पाकिटाच्या कागदाशी रंग जुळवून घेतं आणि डोकंही पुसलं जातं. कार्ड केरात आणि चेहरे जांभळट, अशी तक्रार घेऊन येणारे पुष्कळ.

‘स्टुडिओसारखा फोटो’

डाय-सबच्या बाबतीत हे बऱ्यापैकी मान्य. कित्येक लॅबवाले आणि लग्नातले फोटोबूथवाले याच तंत्राची मोठी यंत्रं वापरतात. रंग मऊ चढतो, ठिपके दिसत नाहीत आणि शेवटी वरून पारदर्शक थर बसतो.

आमच्याकडे एका बारशाला सेल्फी टेबलावर मांडला होता. कागद बाहेर आला, त्यावर नुसता पिवळा बाळ. मामी म्हणाल्या, ‘अरे, कावीळ झाल्यासारखा काय दिसतोय तो!’ तोवर कागद परत आत. दुसऱ्या खेपेला किरमिजी चढला आणि बाळ लालबुंद. ‘परत आत गेला बघ, अडकलं वाटतं.’ तिसऱ्या खेपेला निळसर आला आणि एकदम फोटो झाला, दुपट्यावरच्या नक्षीसकट. चौथी खेप वरच्या थराची. सगळं मिळून पाऊण मिनिटाच्या आत, पण तेवढ्यात टेबलाभोवती जमलेली पोरं पुढच्या फोटोसाठी भांडायला लागली होती. एक अडचण आधी कुणी सांगत नाही: प्रत्येक खेपेला कागद यंत्राच्या मागच्या बाजूनंही बाहेर डोकावतो. भिंतीला टेकवून ठेवलं, तर कागद भिंतीवर आपटतो आणि फोटो वाया. आणि कागद भरताना पेढ्याचे हात लागले, तर नेमका तिथे रंग चढत नाही, पांढरा डाग राहतो.

पण हे यंत्र ‘खिशात मावणारं’ नव्हे. ते डब्याएवढं असतं आणि सेल्फी सीपी१५०० ला प्लग लागतो; बॅटरी वेगळी विकत घ्यावी लागते. खिशात मावणाऱ्यांत झिंक आहे, आणि त्याचे रंग जरा दबलेले येतात: काळा पुरता काळा नसतो, सावळी कातडी कधी लालसर, कधी हिरवट दिसते. वहीत चिकटवायला, फ्रिजवर लावायला उत्तम, कारण मागची पट्टी सोलली की स्टिकर तयार. फ्रेम करून दिवाणखान्यात लावायला नाही.

इन्स्टॅक्सची तुलना स्टुडिओशी करणंच चूक. त्याचे थोडे उडालेले, जुनाट वाटणारे रंग हीच त्याची गंमत आणि त्यासाठीच पैसे मोजायचे. पोरांना तेच हवं असतं.

याच मुद्द्याला चिकटून काही जण सांगतात, की फोटो महागड्या मोबाइलचाच लागतो, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला चालत नाही. लहान आकाराला चालतो. ४ बाय ६ इंच, इंचाला ३०० ठिपके धरले, तरी लांबीला १,८०० पिक्सेल पुरतात. व्हॉट्सअ‍ॅप साधा फोटो १,६०० च्या आसपास आणून ठेवतं. फरक डोळ्यांना कळणार नाही. खरा घोळ आकाराच्या प्रमाणाचा असतो. मोबाइलचा फोटो ४ ला ३, कागद ३ ला २, म्हणजे कडेचा भाग कापला जाणारच. मोबाइल उभा धरून काढलेल्या ग्रुप फोटोत कडेला उभे असलेले काका दर वेळी अर्धे जातात ते त्यामुळे.

‘आयुष्यभर टिकतो’

कुणाचं आयुष्य?

डाय-सबचा फोटो अल्बममध्ये नीट ठेवला तर १०० वर्षांपर्यंत टिकेल, असं कॅनन सांगतं. तो कंपनीचा दावा आहे आणि अट अल्बमची आहे, खिडकीत लटकवलेल्या फोटोची नव्हे. मेसेजवाल्यानं हे वाक्य उचललं आणि अट वाटेत गळाली.

झिंकचा सगळा खेळ उष्णतेवर. मग छापून झाल्यावरही त्याला ऊन आणि उष्णता सोसत नाही, यात नवल काय? गाडीच्या डॅशबोर्डवर, देवघरातल्या समईशेजारी, दक्षिणेच्या खिडकीत लावू नका. थर्मलचं तर विचारूच नका. पाकिटात ठेवलेलं पेट्रोलचं बिल काही महिन्यांत कोरं होतं, तेच त्या फोटोचं होतं.

इन्स्टॅक्सला नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात सांभाळावं लागतं. फिल्मवर फोटो उमटत असताना तापमान ५ ते ४० अंशांत असावं, असं फुजीफिल्म सांगते. बाहेर ४५ असताना अंगणात छापलेला फोटो रंग बदलून येतो. पंख्याखाली, सावलीत छापा. न वापरलेली फिल्म गारव्यात ठेवा. विमानानं जाणार असाल तर फिल्म मोठ्या बॅगेत टाकू नका, तिथल्या जोरदार क्ष-किरणांनी ती धुरकट होते. आणि फोटो हलवून वाळवायची जी सवय लोकांना लागलीय ती सोडा, त्यानं काहीच लवकर होत नाही.

आपल्याकडचा खरा शत्रू मात्र झेरॉक्सच्या दुकानात बसलाय: लॅमिनेशन. टिकावा म्हणून काहीही लॅमिनेट करायची आपली रीत. थर्मल कागद त्या गरम रोलरखालून अख्खा काळा होऊन बाहेर येतो. झिंक आणि इन्स्टॅक्सही तिथे देऊ नका. प्लास्टिकच्या कप्प्यांचा साधा अल्बम घ्या.

‘पासपोर्ट फोटोही घरीच’

पासपोर्टसाठी मोठ्या माणसांचा फोटो पासपोर्ट सेवा केंद्रातच काढतात, आपण न्यायचा नसतो. चार वर्षांच्या आतल्या बाळाचा मात्र न्यावा लागतो: ४.५ बाय ३.५ सेंटीमीटर, पांढरी पार्श्वभूमी. बाकी बँक, शाळा, वसतिगृहाच्या अर्जांना लागणारे फोटो डाय-सबवर घरी खरंच निघतात. पोस्टकार्डाच्या एका कागदावर त्या मापाचे ८ बसतात आणि सेल्फीत त्याची सोयही आहे. इथे मेसेज बरोबर आहे, पण व्हिडिओतल्या मांजरावर नाही, आणि झिंकच्या जाड चिकट स्टिकरवरही नाही.

हे करणार असाल तर वापरलेली रिबन एकदा उजेडात धरून बघा. तुम्ही छापलेला प्रत्येक फोटो तिच्यावर उलट्या छटांत, रंगारंगानं उमटलेला असतो. चेहरा ओळखू येतो, आधार कार्ड छापलं असेल तर आकडेही वाचता येतात. कचऱ्यात टाकण्याआधी ती ओढून बाहेर काढा आणि कात्रीनं तुकडे करा.