अडीच लाख आणि एकवीस हजार

"आम्ही टॅक्स भरतो, मग पंधराशे आम्हाला का नकोत?" आज सकाळी एका ग्रुपवर हे वाचलं. लिहिणाऱ्या ताईंच्या दारात चारचाकी आहे, नवऱ्याला चांगला पगार आहे, आणि सरकारच्या लाडकी बहीण योजनेचा महिना पंधराशेचा हप्ता बंद झाला म्हणून त्या चिडल्या आहेत. खाली अंगठ्यांचा आणि 'अगदी बरोबर बोललात'चा ढीग. मुळात तो हप्ता चालू कसा झाला होता, हे एकानेही विचारलं नाही.

दिवसभर दुसरं काही सुचत नाहीये, म्हणून लिहून टाकतो. लांबेल.

या योजनेच्या अर्जासोबत एक हमीपत्र होतं. कुटुंबाचं एकत्रित वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपेक्षा जास्त नाही, कुटुंबात कुणी आयकरदाता नाही, ट्रॅक्टर सोडून चारचाकी कुणाच्या नावावर नाही, सरकारी नोकरीत कायम कुणी नाही. प्रत्येक ओळीसमोर खूण करायची आणि खाली सही. ती सही या ताईंनी केली आहे. त्यांच्यासारख्या लाखोजणींनी केली आहे. जून २०२५ मध्ये २६.३४ लाख खात्यांचे हप्ते थांबवावे लागले. त्यात एकाच घरातल्या दोनपेक्षा जास्त बायका निघाल्या, दुसऱ्या योजनेचे पैसे घेणाऱ्या निघाल्या, चक्क पुरुषही निघाले. सरकारी नोकरीतल्या दोन हजारांहून जास्त जणींची नावं तर त्याआधीच बाहेर आली होती. पगारपत्रक सरकारचं, योजना सरकारची, आणि दोन याद्या शेजारी ठेवून बघायला कित्येक महिने गेले!

आता दुसऱ्या टोकाला बघा. आमच्या भागात दोन घरी पोळ्या करणाऱ्या एक काकू आहेत. नवरा नाही, एकट्या राहतात. महिन्याला चार हजार मिळतात. लाडकी बहीण योजनेचे पंधराशे त्यांना मिळत होते आणि ते त्यांच्या हक्काचेच होते. पासष्ट पूर्ण झाली आणि ते थांबले, कारण योजनेची वयोमर्यादा २१ ते ६५ आहे. त्यापुढे गरीब वृद्धांसाठीची श्रावणबाळ योजना आहे, रक्कम तीच, महिना १,५००. काकूंनी कागद गोळा करून अर्ज केला. नामंजूर. उत्पन्न जास्त!

श्रावणबाळ योजनेची उत्पन्नमर्यादा वर्षाला २१,००० रुपये आहे. निराधारांसाठीच्या संजय गांधी योजनेचीही तीच, फक्त दिव्यांगांसाठी ५०,०००. एकवीस हजारांना ३६५ ने भागा. दिवसाला सत्तावन्न रुपये होतात. म्हणजे चौसष्टाव्या वर्षी अडीच लाखांपर्यंत तुम्ही गरीब, आणि पासष्ट ओलांडली की एकवीस हजारांच्या वर गेलात तर श्रीमंत. जवळजवळ बारा पटींचा फरक, आणि तोही नेमका हातपाय थकायला लागतात त्या वयात. काकूंच्या दाखल्यावर ४८,००० लिहून आलं, कारण दाखले काढून देणाऱ्या सेतू केंद्रात विचारल्यावर काकूंनी खरं ते सांगितलं. चार हजार गुणिले बारा. जाणकार माणूस तिथे खरा आकडा सांगत नाही. 'कोणत्या योजनेसाठी हवाय' एवढं सांगतो आणि मर्यादेत बसेल तो आकडा स्वयंघोषणापत्रावर येतो. दाखल्यांवर २१,००० हा आकडा इतक्या वेळा दिसतो, तो काय सगळ्यांची कमाई तिथेच येऊन थांबते म्हणून?

या सगळ्यात माझं म्हणणं एवढंच आहे. ज्यांचं भागतं त्यांनी गरिबांसाठीच्या योजनेत बसू नये, आणि त्यांना बाहेर काढायचं काम सरकारने स्वतःकडच्या नोंदी बघून करावं. उत्पन्नाच्या दाखल्याने ते होत नाही. दाखल्याच्या जाळ्यात काकू अडकतात, बंगला सुटतो.

बंगला कसा सुटतो ते सांगतो, कारण हे अनेकांना माहीत नसतं.

पहिली वाट केशरी रेशनकार्डाची. पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर लाडकी बहीण योजनेसाठी उत्पन्नाचा दाखला लागलाच नाही. पण ही पिवळी, केशरी, पांढरी कार्डं १ मे १९९९ पासूनची आहेत. पिवळ्यासाठी वर्षाला १५,००० पर्यंत, केशरीसाठी १५,००० ते एक लाख, त्याच्या वर पांढरं. शिवाय केशरीवाल्या घरात टॅक्सी वगळता चारचाकी नको आणि चार हेक्टर बागायत नको. तेव्हा कुणाच्या वडिलांनी केशरी कार्ड काढलं असेल. मुलगा शिकला, नोकरीला लागला, फ्लॅट घेतला, गाडी आली. कार्ड केशरीच. ते बदलायला स्वतःहून कोण जातो? आणि तेच जुनं कार्ड २०२४ च्या उत्पन्नाचा पुरावा म्हणून चाललं.

दुसरी वाट कार्ड विभक्त करण्याची. योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुलं. एका छताखाली, एका चुलीवर जेवणारे सासू-सासरे आणि लग्न झालेले दोन मुलगे कागदावर तीन कुटुंबं होतात. गाडी सासऱ्यांच्या नावावर, दुकान दिराच्या नावावर, आणि सून गरीब.

तिसरी वाट शेतीची. शेतीचं उत्पन्न आयकरातून पूर्ण माफ आहे. ज्याला खरंच शेतीवर जगायचंय त्याच्यासाठी ते योग्यच आहे, त्याबद्दल एक शब्दही बोलणार नाही. पण पन्नास एकर ऊस असलेला माणूसही आयकराच्या यादीत दिसत नाही. पाच एकरांहून जास्त जमीन नको ही अट लाडकी बहीण योजनेत सुरुवातीला होती, ती आठवडाभरात काढून टाकली.

आणि चौथी वाट तर आपोआपच उघडली. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंत कर शून्य आहे, पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत. मग 'आयकरदाता नाही' ही अट महिन्याला लाखभर पगार असलेल्या घरालाही खोटं न बोलता पूर्ण करता येते. अडीच लाखांची अट अजून आहेच, पण ती तपासायला सरकारजवळ जो मुख्य चिमटा होता तोच सैल झाला. 'कर भरला का' याऐवजी 'रिटर्नमध्ये एकूण उत्पन्न किती दाखवलं' हे बघायला हवं. हे लिहायला दोन ओळीही लागत नाहीत. शासन निर्णयात अजून का नाही?

मान्य, तपासणीत गरीबच आधी चिरडला जातो. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणीत, स्वतःच्या आधारचा ओटीपी आणि मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी मागितला. ज्यांचे दोघेही हयात नाहीत त्यांनी काय करायचं, हे नंतर सुचलं. सरकारी नोकरीबद्दलचा प्रश्न इतका उलटसुलट घातला होता की 'हो' आणि 'नाही'मध्ये गोंधळून कितीतरी गरजू बायकांनी चुकीचा पर्याय निवडला. मग म्हणतात, त्यापेक्षा सगळ्यांनाच द्या, कटकट नको. तमिळनाडूत रेशन सगळ्यांना आहे, चालतं. आपल्याकडेही एसटीचं अर्धं तिकीट सगळ्या बायकांना आहे आणि मोफत उपचारांची महात्मा फुले जनआरोग्य योजना आता पांढऱ्या कार्डालाही आहे. ते घ्या, बिनधास्त घ्या. जे सगळ्यांसाठी म्हणून काढलंय ते घेण्यात काहीच गैर नाही. पण जिथे अट लिहिली आहे, खाली सही आहे आणि पैसा मोजका आहे, तिथे 'सगळेच घेतात' हे कारण मी ऐकून घेणार नाही. या एका योजनेला २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६,००० कोटी ठेवले होते.

आणि पैशाचं एक वेळ सोडा, धान्याचं बघा. तिथे तर एकाचं घेणं हे सरळ दुसऱ्याचं हिरावणं आहे. अन्नसुरक्षा कायद्यात महाराष्ट्राला सुमारे सात कोटी माणसांचा इष्टांक, म्हणजे कोटा, ठरवून दिला आहे, तोही २०११ च्या जनगणनेवर. यादीतल्या 'प्राधान्य' कुटुंबाला माणशी पाच किलो, सगळ्यात गरीब अशा 'अंत्योदय' कुटुंबाला कार्डामागे ३५ किलो, जानेवारी २०२३ पासून मोफत. प्राधान्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरात ५९,०००, गावात ४४,०००. आता त्याच काकू घ्या. शहरात राहतात, उत्पन्न ४८,०००. कायद्याने त्या बसतात. पण त्यांचं केशरी कार्ड प्राधान्यात नाही. पुरवठा कार्यालयातलं उत्तर एकच, 'इष्टांक शिल्लक नाही'. कोटा भरलाय. कुणीतरी बाहेर पडल्याशिवाय काकू आत जाणार नाहीत. आणि आत कोण बसलंय? ज्यांच्या घरी तो मोफत तांदूळ शिजतही नाही, दुकानाबाहेरच किलोवर विकला जातो, ती घरं! दर महिन्याला येऊन रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर अंगठा मात्र न चुकता लावतात, कार्ड बंद पडू नये म्हणून. हे लिहितानाही हात थरथरतोय.

थोडा थांबून पुन्हा लिहितोय. सकाळच्या त्या ताईंबद्दल मघाशी फार कडक लिहिलं असं वाटतंय. गाडीवर कर्ज असेल. शाळेची फी, घराचा हप्ता, सासऱ्यांची औषधं. स्वतःच्या नावावर, स्वतःच्या खात्यात पहिल्यांदा आलेले पैसे असतील ते, आणि त्याची किंमत पंधराशेपेक्षा जास्त असते हे मला कळतं. ज्या बाईला घरखर्चातून शंभर रुपये मागायलाही नवऱ्याचं तोंड बघावं लागतं, तिला 'तुमचं घर श्रीमंत आहे' असं सांगणं सोपं नाही. यावर माझ्याजवळ उत्तर नाही. पण त्या घरातली अडचण तो नवरा आहे. तिची भरपाई पोळ्या करणाऱ्या काकूंच्या वाट्यातून होऊ शकत नाही.

आणि टॅक्सचं म्हणाल तर काकूही भरतात. साबणावर, चपलेवर, मोबाइलच्या रिचार्जवर. त्यांना कुणी रिटर्न भरायला सांगत नाही एवढंच.

सरकारने काय करावं हे आपल्यातल्या कुणाला वेगळं सांगायची गरज नाही, तरी लिहितो. श्रावणबाळ आणि संजय गांधी योजनांची २१,००० ची मर्यादा लाडकी बहीण योजनेच्या बरोबरीने अडीच लाखांवर न्या, म्हणजे पासष्टीला खड्डा पडणार नाही. दाखला मागण्याऐवजी वाहननोंदणी, सरकारी पगारपत्रक, आयकर रिटर्न आणि जीएसटी नोंदणी यांच्याशी आधी यादी जुळवा, आणि ज्याचं नाव तिथे सापडेल त्यालाच खुलासा विचारा. बाकीच्यांना खेटे घालायला लावू नका. प्राधान्यातून जेवढे सदस्य वगळले जातील तेवढी नवी नावं त्याच महिन्यात, अर्जाच्या तारखेच्या क्रमाने आत घ्या आणि ती प्रतीक्षायादी रेशन दुकानावर लावा.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी जुनं केशरी कार्ड पडून आहे आणि उत्पन्न लाखाच्या वर आहे, त्यांनी पुरवठा कार्यालयात साध्या कागदावर अर्ज द्या: कार्डाचा बारा अंकी क्रमांक, सगळ्या सदस्यांची नावं, 'धान्याचा लाभ नको, पांढरी शिधापत्रिका मिळावी'. पोच घ्या. लाडकी बहीण योजनेतून बाहेर पडायचं असेल तर अंगणवाडी सेविकेला विचारून बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात तसाच लेखी अर्ज द्यायचा.

तुमच्याकडे कामाला येणाऱ्या कुणा मावशी पासष्टीच्या आसपास असतील तर आत्ताच कागद जमवायला लागा. वयाचा पुरावा, महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिल्याचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आधार, बँक पासबुक, फोटो. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव आहे का ते आधी शोधा. असेल तर यादीचा साक्षांकित उतारा चालतो, उत्पन्नाचा प्रश्नच मिटतो. बँकेत जाऊन आधार नुसतं 'लिंक' आहे की डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, 'सीडिंग' झालंय, हे वेगळं विचारा. सीडिंग ज्या खात्याला शेवटचं झालं असेल तिथेच पैसे जातात, आणि ते कधीतरी उघडून विसरलेलं खातं निघालं तर मंजूर झालेले पैसेही हातात पडत नाहीत. अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत द्यायचा. कागदांत काही अडलं तर इनबॉक्समध्ये लिहा, मी बघून देतो.