सीआय हिरवं असलं तरी बीटा आपल्या मशीनवर का चालवायचा

नमस्कार. तुम्ही मुद्देसूद लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं असं: ओपन सोर्स फ्रेमवर्कच्या टेस्ट सीआयमध्ये (कोड बदलला की टेस्ट चालवणारी यंत्रणा; सगळ्या पास झाल्या की ती हिरवं दाखवते) लिनक्स, विंडोज आणि मॅकओएसवर आपोआप चालतात, मग वाचकांना बीटा, म्हणजे पक्क्या आवृत्तीआधीची चाचणी आवृत्ती, इन्स्टॉल करायला सांगणं म्हणजे त्यांना फुकट राबवणं. शिवाय हल्ली सगळं डॉकरमध्येच, म्हणजे ॲपला लागणारं सगळं सोबत बांधलेल्या कंटेनरमध्येच चालतं, तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीमचा प्रश्न येतोच कुठे?

सीआय पुरेसं आहे, हा मुद्दा मला अजिबात पटत नाही. सीआय तिन्ही सिस्टीम तपासतं, पण ती मशीन कोरी असतात. गिटहबच्या विंडोज रनरचंच, म्हणजे टेस्ट चालवणाऱ्या मशीनचंच बघा. तिथे ड्राइव्हच्या मुळाशी ‘ए’ असं एका अक्षराचं फोल्डर असतं आणि प्रोजेक्ट त्यात उतरतो. पाथ (फाइलचा पूर्ण पत्ता) इतका आखूड, की विंडोजची २६० अक्षरांची जुनी मर्यादा सहसा आड येत नाही. तोच प्रोजेक्ट कोणाच्या तरी डॉक्युमेंट्समध्ये, क्लाउडला सिंक होणाऱ्या फोल्डरात पाच-सहा पायऱ्या आत असतो. फ्रेमवर्कने त्यात लांबलचक नावांची कॅश फोल्डर बनवली की बिल्ड मधेच मोडतं, आणि एरर काय, तर फाइल सापडली नाही! त्यावरून पाथच्या लांबीचा संशय कोणाला येणार? विंडोज १०मध्ये २०१६पासून ही मर्यादा उठवता येते, पण त्यासाठी सेटिंग बदलावं लागतं आणि त्या प्रोग्रॅमचीही तशी तयारी असावी लागते.

डॉकरबद्दल: मॅक आणि विंडोजवर लिनक्स कंटेनर व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतात, पण कोड बहुतेकदा बाहेरच्या डिस्कवरच असतो. उदाहरणार्थ, डब्ल्यूएसएल २मध्ये (विंडोजच्या आत व्हर्च्युअल मशीनवर लिनक्स चालवण्याची सोय) डेव्हलपमेंट सर्व्हर सुरू करा, प्रोजेक्ट विंडोजच्या सी ड्राइव्हवर ठेवा आणि विंडोजमधल्या एडिटरमधून फाइल सेव्ह करा. फाइल बदलल्याची वर्दी देणाऱ्या लिनक्सच्या आयनोटिफायपर्यंत त्या बदलाची खबरच जात नाही. सर्व्हर चालू, एरर नाही, ब्राउझरमधलं पान मात्र जुनंच. सीआयच्या लॉगमध्ये हे दिसायचं कसं? तिथे फाइल सेव्ह करून पान बघणारं माणूसच नसतं.

फुकट राबवण्याची तक्रार काही ठिकाणी रास्त आहे. रिपोर्ट महिनोन्‌महिने पडून राहत असतील, किंवा ‘माझ्याकडे चालतंय’ म्हणून बंद होत असतील, तर तिथे वेळ घालवू नका. बीटानंतर दोन दिवसांत पक्की आवृत्ती काढणारेही असतात. त्यांना तपासणी नकोच असते. पण जिथे मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारे, उत्तर देतात, तिथे ते बहुधा फावल्या वेळात काम करणारे मोजके लोक असतात. तऱ्हेतऱ्हेची मशीन ते आणणार कुठून? प्रोजेक्टची वेगळी कॉपी काढून त्यावर बीटा चालवा. रिपोर्टमध्ये सिस्टीमची नेमकी आवृत्ती, प्रोसेसर इंटेल की एआरएम, कुठला टर्मिनल आणि पूर्ण पाथ एवढं लिहिलंत तरी त्यांचं निम्मं काम होतं.

शेवटी तुम्ही विचारलंय, कंपनीच्या लॅपटॉपवर ॲडमिन हक्क नाहीत, मग माझ्या टेस्टचा उपयोग काय? मला तर तोच रिपोर्ट सगळ्यात आधी हवा आहे. गिटहबच्या विंडोज रनरवर सगळं ॲडमिन हक्कांनी चालतं, त्यामुळे सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे किंवा फोल्डरकडे नेणारे दुवे) बिनबोभाट बनतात. तुमच्यासारख्या युजरला डेव्हलपर मोड बंद असताना ते बनवता येत नाहीत, आणि फ्रेमवर्कने इन्स्टॉल करताना सिमलिंक वापरले असतील तर ते पहिल्यांदा तुमच्याच लॅपटॉपवर अडेल.