क्रांतीनंतर ऊस कसा तोडावा

अभिनंदन! हुकूमशहा रातोरात विमानात बसून पळाला, राजधानीत रणगाड्यांवर पोरं चढली आहेत आणि तुम्हाला अजून दाढी करायलासुद्धा सवड मिळालेली नाही. करूही नका, पुढची पन्नास वर्षं ती कामाला येईल. आता कुणीतरी हळूच विचारेल, 'साहेब, दुकानात तेल कधी येणार?' गांगरू नका. क्यूबाने 1959 साली हाच पेपर सोडवला आहे. तो समोर ठेवा आणि उतरवून काढा.

सगळ्यात आधी देशाची बँक अशा माणसाच्या हाती द्या, ज्याला पैशाचाच तिटकारा आहे. चे गेव्हारा नोव्हेंबर 1959 मध्ये राष्ट्रीय बँकेचे अध्यक्ष झाले. शिक्षणाने डॉक्टर, अनुभवाने गनिमी योद्धे. नोटांवर त्यांनी सही ठोकली ती नुसती 'चे'. आपल्याकडे नोटेवर 'बंड्या' अशी सही आली असती तर वाण्याने ती तीनदा उजेडात धरून पाहिली असती. पण असा माणूस सोन्यासारखा प्रामाणिक असतो, रविवारी स्वतः ऊस तोडायला जातो, त्यामुळे हिशेब विचारणाऱ्यालाच लाज वाटते. तुम्हाला याहून जास्त काय हवं?

शेजारी एक मोठा शत्रू असू द्या. अमेरिकेने 1960 साली क्यूबाच्या साखरेचा कोटा कापला आणि 1962 मध्ये व्यापारबंदी लादली. ती खरी आहे, जाचक आहे आणि अजून उठलेली नाही. तिचं मोल त्यातच आहे. खोट्या शत्रूवर माणूस किती दिवस ढकलणार? शत्रू खरा असला, की वेळेवर ट्रक न आल्यामुळे बांधावर सडलेला टोमॅटोसुद्धा त्याच्या खाती मांडता येतो.

शाळा आणि दवाखाने मात्र खरोखर काढा, तिथे चेष्टा नको. 1961 साली क्यूबाने लाखभर पोरंपोरी कंदील देऊन खेडोपाडी पाठवली आणि वर्षभरात निरक्षरता चार टक्क्यांच्या आसपास आणली. पुढे लोकांनी जे सोसलं ते बरंचसं या पुण्याईवर. शिवाय पुढच्याच वर्षी रेशन सुरू झालं. कार्डावरचं बारीक अक्षर वाचायला माणूस साक्षर लागतोच.

आता ऊस. तुम्ही सांगली-कोल्हापूरकडचे असाल तर हे जरा बसून वाचा. 1970 च्या हंगामात एक कोटी टन साखर काढायची, असं क्रांतीचे नेते फिडेल कॅस्ट्रोंनी जाहीर केलं. फडात ऊस किती उभा आहे, कारखान्यांची गाळप क्षमता किती, वाहनं किती, हे प्रश्न शेतकी अधिकाऱ्याला पडतात. क्रांतिकारकाने आकडा सांगायचा. आकडा गोल हवा, भिंतीवर रंगवायला बरा. मग कचेऱ्या, कॉलेजं, सैन्य, सगळ्यांना कोयता देऊन फडात उतरवा. बीडकडची कोयत्याची जोडी कमरेत वाकून ऊस जमिनीलगत तोडते, कारण साखर बुडख्यात असते. खात्यातला कारकून पाठ दुखते म्हणून वीतभर वर तोडेल. त्याला प्रशस्तिपत्र द्या, साखरेचा उतारा किती पडला ते बघू नका.

हा हंगाम जुलै 1969 मध्ये सुरू झाला तो पुढच्या जुलैपर्यंत चालला. तोडणीत खंड नको म्हणून नाताळची सुट्टी रद्द झाली. ती परत मिळायला 1997 उजाडावं लागलं, तेही पोप येणार होते म्हणून. साखर झाली 85 लाख टन. देशाच्या इतिहासातला उच्चांक! तरी पराभवच, कारण भिंती आधीच रंगवलेल्या. बाकीची शेती नि कारखानदारी तेवढ्यात आडवी झाली होती. 26 जुलै 1970 ला कॅस्ट्रोंनी भर सभेत अपयश कबूल केलं आणि राजीनाम्याची भाषा केली. सभा म्हणाली, नको, नको! हा प्रयोग कसा बसवायचा ते तुम्हाला शिकवायला नकोच.

(आपल्या महाराष्ट्राने 2021-22 मध्ये 137 लाख टन साखर काढली. क्रांती नाही, काही नाही, आणि अध्यक्षांचा राजीनामा तर विषयच नाही.)

टपऱ्यांचा बंदोबस्त मात्र उसाच्याही आधी करायचा. मार्च 1968 मध्ये क्यूबाने पन्नास हजारांहून अधिक छोटे धंदे एका फटक्यात ताब्यात घेतले. तळणाच्या गाड्या, न्हाव्याची खुर्ची, चांभाराचं दुकान, कोपऱ्यावरचा बार, सगळं राष्ट्राचं. राष्ट्राने आता भजी तळावीत. राष्ट्राला ते जमलं नाही तर भज्यांतली भांडवलशाही वृत्ती उघडी पाडावी.

मग एक दिवस सोव्हिएत संघच नाहीसा होईल. स्वस्त तेल बंद, महागात साखर घेणारं गिऱ्हाईक गायब, उत्पन्न तीन वर्षांत तिसऱ्या हिश्शाने खाली. अशा वेळी शब्दांकडे नीट लक्ष द्या. क्यूबाने त्याला 'शांतताकाळातला विशेष कालखंड' म्हटलं. 'दुष्काळसदृश परिस्थिती' वाचत मोठे झालेल्या आपल्याला या कलेचं अप्रूप नाही, तरी दाद द्यावी. चीनहून दहा लाखांवर सायकली आल्या. अन्न कमी पडून पन्नास हजारांहून जास्त लोकांच्या डोळ्यांचे आणि मज्जातंतूंचे विकार बळावले. कालखंड विशेषच होता.

आता बंद केलेला दुकानदार परत बोलवा, पण मोजूनमापून. 1995 साली घरगुती खानावळींना परवानगी मिळाली, खुर्च्या फक्त बारा. क्रांती करायला कॅस्ट्रो ज्या ग्रान्मा बोटीने आले तिच्यातून 82 जण उतरले, त्यांतले बारा उरले आणि त्यांनी सरकार उलथवलं, अशी आख्यायिका. म्हणजे तेराव्या खुर्चीची भीती अनुभवातूनच आलेली. 2010 मध्ये तर परवानगी असलेल्या 178 धंद्यांची यादीच निघाली. त्यात लाईटर भरणारा होता, बटणं मढवणारा होता, पामची झाडं छाटणारा होता. आपलं गाव बारा बलुतेदारांवर भागवायचं, एवढे बलुतेदार मोजायला सरकार लागतं. डॉक्टर अर्थात यादीत नव्हता, तो सरकारचाच. पर्यटकांची टॅक्सी चालवून त्याच्या पगाराच्या कितीतरी पट मिळतं, हे त्याला कळू नये याची काळजी घ्या.

आणि साखर? 2002 मध्ये 156 पैकी 71 कारखाने बंद केले. 2025 च्या हंगामात दोन लाख टनही झाली नाही. एवढी आपल्याकडचा एखादा मोठा कारखाना एकटा काढतो. क्यूबा आता साखर बाहेरून आणतो.

रांग तेवढी टिकली. हवानात रांग ओळीत उभी नसते. येणारा माणूस 'शेवटचा कोण?' असं ओरडतो, हात वर करणाऱ्याचा चेहरा लक्षात ठेवतो आणि सावलीत जाऊन बसतो. याच रांगेत एक नवा धंदा उगवला, पैसे घेऊन दुसऱ्यासाठी उभं राहण्याचा. 2020 मध्ये सरकारने त्याच्याविरुद्ध मोहीम काढली, कारण तो कुठल्याच यादीत नव्हता. कोणत्या दुकानात कधी कोंबडी येणार, किती येणार, कितीव्या माणसापर्यंत पुरणार, हे त्याला तोंडपाठ असतं. नियोजन खात्यासाठी माणूस शोधत असाल, तर सकाळी सहाच्या आत जा. नंतर तो भेटत नाही, आणि त्याच्यापुढेही रांग असते.