सुट्टे असतील तरच चढा

"बघ, किती सज्जन लोक आहेत. पिण्याच्या पाण्याची वेगळी खोली केलीय!" असं म्हणत अण्णा रिकामी बाटली हातात घेऊन त्या दाराकडे निघाले. प्रागमधलं एक मेट्रो स्टेशन. दारावर रोमन अक्षरांत ठळक ‘पानी’ लिहिलेलं, त्यातल्या ‘ए’च्या डोक्यावर एक तिरपी रेघ. दाराच्या अलीकडे लोखंडी फिरकी आणि तिच्या शेजारी नाणं टाकायची फट. मी "अहो अण्णा, थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी बाटली काखोटीला मारली, वीस कोरुनांचं नाणं टाकलं आणि आत शिरले. तीन मिनिटांनी बाटली तशीच कोरडी घेऊन बाहेर आले.

"पाणी नाहीये तिथे," ते म्हणाले.

"चेकमध्ये ‘पानी’ म्हणजे पुरुष. ती जेन्ट्सची मुतारी आहे."

"ते आत गेल्यावर कळलं. पैसे भरलेच होते, म्हणून जाऊन आलो. वीस म्हणजे आपले किती?"

"ऐंशीच्या आसपास."

अण्णा खालीच बसले. म्हणजे खरोखर, स्टेशनातल्या बाकावर.

अण्णा म्हणजे माझे सासरे. वय ७४. एसटीत तेहतीस वर्षं कंडक्टर, त्यातली निम्मी कराड–चिपळूण गाडीवर, कुंभार्ली घाटात उभ्याने तिकिटं फाडण्यात गेलेली. नवऱ्याचं ऑफिसचं आठवडाभराचं काम प्रागला निघालं, तेव्हा "अण्णांनाही नेऊ, एकदा युरोप बघू देत" असं आम्ही दोघांनी ठरवलं. प्रत्यक्षात सोमवारी सकाळी नवरा गळ्यात ओळखपत्र अडकवून गेला आणि जाताना मला म्हणाला, "अण्णांना जरा फिरवून आण." ‘जरा’ या शब्दात तीन दिवस, एक राजवाडा, एक पूल आणि अण्णांची रक्तदाबाची गोळी एवढं सगळं होतं. गोळी पाण्याची आहे. सकाळी आठला घेतली की दुपारपर्यंत दर तासाला अण्णा "आलोच हां" म्हणतात. आणि प्रागमध्ये ‘आलोच हां’ला सुट्टे लागतात.

म्हणून पहिली सूचना, राजवाड्याच्याही आधीची: या शहरात खिशात नाणी ठेवा. चेक देश २००४ पासून युरोपीय संघात आहे, पण पैसा अजून स्वतःचाच, कोरुना. सगळ्यात छोटी नोट शंभराची आणि फिरकीला नोट कळत नाही. काही ठिकाणी कार्ड चालतं, पण ते नेमकं आपण घाईत नसतो तेव्हा. वीसचं नाणं ओळखायला सोपं: पिवळं, तेरा कोपऱ्यांचं, मागे घोड्यावर बसलेला संत वेन्सेस्लास. हाच वेन्सेस्लास त्याच्या नावाच्या चौकात घोड्यावर उभा आहे. चौक म्हणायचं इतकंच, खरा तो पाऊण किलोमीटर लांबीचा रस्ता आहे आणि पूर्वी तिथे घोडेबाजार भरायचा. पुतळ्याखाली उभे राहून अण्णांनी खिशातलं नाणं काढलं आणि वर-खाली दोनदा ताडून पाहिलं. "एवढा मोठा माणूस," ते म्हणाले, "आणि कुठे टाकतोय आपण त्याला."

नाणी मिळवायला नोटा लागतात आणि नोटांसाठी युरो बदलावे लागतात. पहिल्याच संध्याकाळी मी ‘कमिशन शून्य’ अशी हातभर पाटी असलेल्या एका दुकानात शंभर युरो दिले. बाहेरच्या भावाने अडीच हजारांच्या घरात कोरुना यायला हव्या होत्या. अण्णांनी गड्डी बोटांत घेतली, कंडक्टरच्या सवयीने अंगठ्याने सरसर पलटली आणि म्हणाले, "सतराशे." कमिशन शून्य होतं हे खरं, भावच अर्धपोटी होता. पण इथे एक सोय आहे. २०१९ पासूनच्या कायद्याने, हजार युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत पावती दाखवून रद्द करता येतो. पावती मी कुठल्याशा कचरापेटीत टाकली होती असं मला वाटत होतं. ती अण्णांच्या वरच्या खिशात होती, चार घड्या घालून. "पॅसेंजरनं टाकलेलं तिकीट मी कायम उचलायचो," ते म्हणाले. काउंटरवरची बाई आधी हसली, मग हसायची थांबली आणि शंभर युरो परत आले.

त्या रात्री अण्णा खुशीत होते. दुसऱ्या दिवशी ट्रॅममध्ये त्यांचा मूड गेला.

कारण असं की इथे तिकीट काढून भागत नाही, ट्रॅममध्ये चढल्यावर ते पिवळ्या डबीत घालून त्यावर वेळेचा शिक्का मारून घ्यावा लागतो. कंडक्टर नाही, घंटीची दोरी नाही, प्रवाशाने स्वतःच स्वतःचं तिकीट पंच करायचं. अण्णांना ही कल्पना ऐकूनच गुदगुल्या झाल्या होत्या. आणि मग मी त्यांना सांगितलं की ६५ वर्षांवरच्यांना इथे प्रवास फुकट आहे, वयाचा पुरावा जवळ असला की झालं. आपली एसटी पंच्याहत्तरी पूर्ण झाल्यावर फुकट नेते. अण्णांना त्याला अजून आठ महिने आहेत आणि घरी ते दिवस मोजतात. इथे न मागता मिळालं तर तोंड एवढंसं झालं.

"म्हणजे मला तिकीटच नाही?"

"नाही."

"मग तुझं तरी दे इकडे."

तेव्हापासून तीन दिवस माझी सगळी तिकिटं अण्णांनी पंच केली. ट्रॅम वळणावर कलंडत असताना, दांडी न धरता, पाय फाकून उभे राहून. कुंभार्ली घाट असा पायात राहतो. (बायकांना अर्धं तिकीट हा प्रकार इथे नाही. ते मी अण्णांना सांगितलं नाही, उगाच राज्याच्या अभिमानावर तासभर भाषण झालं असतं.)

२२ नंबरची ट्रॅम प्रवाशांची लाडकी. राष्ट्रीय नाट्यगृहावरून, नदी ओलांडून, चढ चढून थेट राजवाड्याच्या मागल्या बाजूला नेते, म्हणजे पायऱ्या चुकतात. त्याच ट्रॅममध्ये साध्या कपड्यातला एक माणूस उठला आणि हातातला बिल्ला दाखवू लागला. मी पर्समध्ये तिकीट शोधत होते, पण अण्णा केव्हाच ताठ झाले होते. "चेकर," ते पुटपुटले. तेहतीस वर्षांनी लाइन-चेकिंगचा वास येतोच. त्यांनी माझं तिकीट आणि स्वतःचा पासपोर्ट एकाखाली एक धरून पुढे केले. त्या माणसाने पाहिलं, मान हलवली. अण्णांनी त्याला सलाम ठोकला. तो गोंधळला आणि त्यानेही कपाळाकडे अर्धवट हात नेला. पुढच्या स्टॉपपर्यंत अण्णा खिडकीबाहेर बघत होते, पण मिशीत हसत होते.

राजवाडा प्रचंड आहे, जवळजवळ सत्तर हजार चौरस मीटरचा. नुसता राजवाडा नाही तो, गल्ल्याबोळांचं गावच. मधलं सेंट व्हायटसचं कॅथेड्रल १३४४ ला बांधायला घेतलं आणि १९२९ ला पुरं झालं. "म्हणजे आमच्या स्टँडचं काम फार रेंगाळलं असं म्हणता येणार नाही," अण्णा म्हणाले. दुपारी बाराला पहारा बदलतो, बँड वाजतो. ते आम्हाला ऐकू आलं, दिसलं नाही, कारण बाराला अण्णांचं ‘आलोच हां’ होतं. मला खरी मजा वाटली ती एका खिडकीची. १६१८ मध्ये इथून तीन अधिकाऱ्यांना खाली फेकलं आणि त्यातून तीस वर्षांच्या युद्धाला तोंड फुटलं. तिघेही वाचले. काहींच्या मते देवदूतांनी झेललं, काहींच्या मते खाली उकिरडा होता. अण्णांनी खिडकीतून वाकून पाहिलं आणि एका क्षणात उकिरड्याच्या बाजूने कौल दिला.

आता घड्याळ. जुन्या चौकातलं खगोलीय घड्याळ, ऑर्लॉय, १४१० चं. सकाळी नऊपासून रात्री अकरापर्यंत दर तासाला वरच्या दोन खिडक्यांतून येशूचे बारा प्रेषित फिरून जातात, सांगाडा घंटा वाजवतो, शेवटी कोंबडा आरवतो. एवढं सगळं मिनिटाच्या आत संपतं आणि त्यासाठी शे-दोनशे माणसं वीस मिनिटं आधीपासून माना वर करून उभी असतात. पाकीटमारांनाही हे माहीत आहे, तेव्हा हात आकाशाकडे नको, खिशावर ठेवा. आमची अडचण वेगळी होती. ऑर्लॉय तासाला एकदा, अण्णाही तासाला एकदा. नऊला ते गेले, दहाला गेले, अकराला मी त्यांना शपथ घातली तर अकराला तीन मिनिटं कमी असताना चेहरा असा झाला की मीच शपथ सोडवली. आम्ही प्रत्येक वेळी परत यायचो तेव्हा गर्दी पांगत असायची आणि लोक एकमेकांना "एवढंच?" असं निरनिराळ्या भाषांत विचारत असायचे.

शेवटी रात्री अकराचा खेळ पाहिला. गोळीचा अंमल उतरला होता, चौक थंड आणि बराचसा मोकळा. सांगाड्याने दोरी ओढली, बाजूच्या पुतळ्यांनी माना हलवल्या. त्यातला एक कंजूष आहे, हातात पैशांची थैली धरलेला, नकारार्थी मान हलवणारा.

"हा आमच्यातला," अण्णा आनंदाने ओरडले. "बघ, पिशवी भरलेली आहे, पण सुट्टे नाहीत म्हणतोय."

जेवणाचं थोडक्यात सांगते, कारण थोडक्यातच होतं. अण्णा माळकरी, आणि चेक जेवणात मांस नसलेला पदार्थ म्हणजे बहुतेक वेळा तळलेलं चीज. पावाच्या चुऱ्यात घोळवलेली जाड चौकोनी वडी, सोबत बटाटे. पहिल्या दिवशी अण्णांनी बोटं चाटली, तिसऱ्या दिवशी ताटाला नमस्कार केला. वेटर ऑर्डर घेताना ‘आनो, आनो’ म्हणतो. ‘आनो’ म्हणजे हो. अण्णांना ते ‘आणू?’ ऐकू यायचं आणि ते प्रेमाने "आण बाबा" म्हणायचे. तीन दिवसांत एकदाही घोटाळा झाला नाही. पण जेवायला बसण्याचा खरा लाभ असा की हॉटेलातली ‘पानी’ गिऱ्हाइकाला फुकट. त्यासाठी आम्ही नको असताना दोन वेळा कॉफी घेतली. हिशोब जमत नव्हता, पण अण्णांच्या मते तत्त्वाचा प्रश्न होता.

चार्ल्स पूल पहाटे पाहा, नंतर तिथे दादर स्टेशन होतं. राजा चौथ्या चार्ल्सने त्याची पायाभरणी १३५७ मध्ये, सातव्या महिन्याच्या ९ तारखेला, पहाटे ५ वाजून ३१ मिनिटांनी केली असं सांगतात, कारण १-३-५-७-९-७-५-३-१ असे आकडे जुळतात. मुहूर्त काढणारे सगळीकडे सारखेच. चुन्यात अंडी घातली होती अशीही दंतकथा आहे. गावोगावहून अंडी मागवली, तर एका गावाने वाटेत फुटू नयेत म्हणून उकडून पाठवली. ही गोष्ट ऐकून अण्णा पुलावर इतके हसले की घाई झाली. पूल ५१६ मीटर लांब आहे, त्यावर तीस पुतळे आहेत, आणि स्वच्छतागृह एकही नाही.

पलीकडच्या काठावर उतरलो, लेखक काफ्काच्या संग्रहालयाच्या अंगणात आलो आणि अण्णा जागच्या जागी थांबले. तिथे दोन ब्राँझचे पुरुष समोरासमोर उभे राहून मुतत होते. दाविद चेर्नी नावाच्या शिल्पकाराचं हे काम. खालचा हौद चेक देशाच्या नकाशाचा आणि पुतळ्यांच्या कमरा इकडेतिकडे हलतात, त्या धारेने पाण्यावर अक्षरं लिहितात. लोक फोटो काढत होते. अण्णा हात मागे बांधून बराच वेळ बघत राहिले.

"यांना कोणी वीस मागत नाही," ते म्हणाले. आणि धारेचा तो आवाज ऐकून व्हायचं तेच झालं.

जवळच्या स्टेशनातल्या फिरकीसमोर ही रांग. सगळ्यांच्या हातात शंभराच्या नोटा आणि चेहऱ्यावर तीच कळा. मी पर्स उपसत होते तेवढ्यात अण्णांनी पँटच्या खिशातून एक प्लास्टिकची पिशवी काढली. तीन दिवस मी दिलेली, कॉफीतून उरलेली, खाली वाकून उचललेली सगळी नाणी तिच्यात. वीसची वेगळी, दहाची वेगळी, रबर लावून.

"शंभर? हे घ्या. वीस, चाळीस, साठ, ऐंशी, शंभर." एक उंच गोरा माणूस मोकळा झाला. "पुढे सरका, पुढे. तुमचं?" दोन कोरियन मुली. एक लेकुरवाळी बाई. नोट दोन बोटांच्या बेचक्यात उभी धरायची, नाणी अंगठ्याने मोजायची, हात थरथरत नव्हता. रांग अर्ध्या मिनिटात वाहती झाली. मागून कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

मग रांग संपली. अण्णा फिरकीपाशी आले, पिशवीत हात घातला, ती उलटी करून झटकली. त्यांच्या बोटांच्या बेचक्यात शंभराच्या सहा नोटा होत्या.

"अगं," ते जरा घाईने म्हणाले, "सुट्टे आहेत का?"