‘मोडेम भंगारात देऊ नका’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीपासून बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. मजकूर साधारण असा: ‘जुना डायलअप मोडेम भंगारवाल्याला देऊ नका! लँडलाइनच्या तारेत इंटरनेट असतंच. सरकारने नेट बंद केलं, टॉवर पडला, वीज गेली तरी मोडेम लावा, १७२२३३ फिरवा, नाव-पासवर्ड काहीही टाका, नेट फुकट. कुणाला पत्ता लागत नाही. वेग सेकंदाला ५६ केबी, एटीएक्स३ टाकलं की दुप्पट. फायबरच्या फोनवर आणखी जोरात. आभाळातल्या विजेचीही भीती नाही, बटण बंद केलं की पुरे. म्हणूनच अमेरिकेने घाबरून डायलअप बंद केलं!’

शेवटचं वाक्य आधी निकालात काढू. अमेरिकेने काही बंद केलेलं नाही. एओएल नावाच्या कंपनीने ३० सप्टेंबर २०२५ रोजी आपली डायलअप, म्हणजे लँडलाइनवरून फोन लावून मिळणाऱ्या इंटरनेटची, सेवा थांबवली. ती फुकटही नव्हती, ग्राहक तिचे दरमहा पैसे भरत होते.

बाकीच्या वाक्यांत मात्र चिमूटभर खरं मिसळलेलं आहे, आणि म्हणूनच शहाणी माणसंही ते पुढे ढकलतात. बेळगावात डायलअप जोरात होतं तेव्हा घरोघरी मोडेम बसवून देणं आणि ‘परत तुटलं, बघा की ओ’ असा निरोप आला की जाऊन बघणं हे माझं काम होतं. त्यामुळे यातल्या बऱ्याच समजुती माझ्या जुन्या ओळखीच्या आहेत.

‘लँडलाइनच्या तारेत इंटरनेट असतंच.’ नसतं. तारेत असतो एक्सचेंजकडून येणारा ४८ व्होल्टचा पुरवठा आणि माणसांचा आवाज. मोडेम संगणकाच्या आकड्यांचा आवाज करतो, पलीकडचा मोडेम त्या आवाजाचे परत आकडे करतो, आणि इंटरनेटची जोडणी असते ती त्या पलीकडच्याला. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य ग्राहकांसाठी सेवा सुरू केली, नोव्हेंबर १९९८ पासून खासगी कंपन्या आल्या, मग बीएसएनएलचं संचारनेट आलं. या सगळ्यांनी आपापल्या केंद्रांत फोन उचलणाऱ्या मोडेमांच्या रांगा लावल्या होत्या. १७२२३३ हा संचारनेटचा नंबर होता. तिकडे उचलणारं यंत्र असेल तर नेट मिळेल, नसेल तर तुमच्या घरातली पेटी कितीही चांगली असून उपयोग शून्य.

हे तपासायला मोडेमही लागत नाही. लँडलाइनच्या साध्या फोनवरून नंबर फिरवा आणि कान लावा. पलीकडे मोडेमने उचललं तर आधी एक लांब, उंच शिट्टी ऐकू येते. ती २१०० हर्ट्झची असते, आणि वाटेत प्रतिध्वनी दाबणारी जी यंत्रणा बसवलेली असते तिला गप्प करण्यासाठी सोडलेली असते. शिट्टीऐवजी रेकॉर्ड केलेला बाईंचा आवाज आला, तर माळ्यावर चढायचे कष्ट वाचले.

‘नाव-पासवर्ड काहीही टाका.’ एरर ६९१, म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला, दार बंद. ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांना एवढं पुरे.

‘कुणाला पत्ता लागत नाही’ हे वाचून मात्र हसू आलं. डायलअप म्हणजे एक फोनकॉल. कोणत्या नंबरावरून, किती वाजता, किती वेळ, हे सगळं एक्सचेंजमध्ये नोंदलं जातं, कारण त्यावरच बिल निघतं. बीएसएनएलने पुढे खातं न काढता वापरायची सेवा दिली, तीसुद्धा तुमचा फोन नंबर ओळखूनच चालायची आणि पैसे थेट टेलिफोनच्या बिलात लागायचे. महिनाअखेरीला ते बिल बघून घरात जो तमाशा व्हायचा तो ज्यांनी बघितलाय, ते ‘फुकट’ हा शब्द डायलअपच्या शेजारी लिहिणार नाहीत.

आता ‘सरकारने नेट बंद केलं तरी’. या वाक्याला आधार आहे, तो नीट समजून घेऊ. जानेवारी २०११ मध्ये इजिप्तच्या सरकारने देशाचं इंटरनेट तोडलं तेव्हा फ्रान्समधल्या एफडीएन या छोट्या ना-नफा संस्थेने पॅरिसचा एक डायलअप नंबर खुला केला, आणि काही लोक खरोखरच तिथून नेटवर पोचले. ते जमलं दोन कारणांनी: परदेशी फोन लागत होते, आणि उचलणारा मोडेम बंदीच्या बाहेर होता. कॉल अर्थातच आंतरराष्ट्रीय दराचा. याच्या उलट ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरमध्ये नेटबरोबर लँडलाइनही बंद केली गेली. तिथे मोडेम उशाला ठेवण्यापलीकडे काही करता आलं नसतं.

जून २०२३ मध्ये कोल्हापुरात तणावानंतर नेट बंद ठेवलं होतं, त्यामुळे सीमेच्या अलीकडच्यांनाही धास्ती वाटणं मी समजू शकतो. हौसच असेल तर पुण्याच्या पाहुण्यांच्या घरी लँडलाइनला मोडेम आणि चालू संगणक ठेवून तुम्ही इथून त्याला फोन लावू शकता. पण दोन घरगुती मोडेम एकमेकांशी ३३.६ किलोबिटच्या वर बोलत नाहीत. ५६चा आकडा लागायचा तो पलीकडची बाजू थेट डिजिटल दुव्यावर असल्यामुळे.

तोच आकडा फॉरवर्डमध्ये ‘५६ केबी’ झालाय. ५६ म्हणजे किलोबिट, किलोबाइट नव्हे. आठाने भागा, सात उरतात. तेही कागदावर आणि फक्त उतरवून घेताना. व्ही.९० या १९९८च्या मानकात वर पाठवायचा वेग ३३.६ किलोबिटच होता. व्ही.९२ने तो थोडा वाढवला, पण समोरची कंपनीही ते मानक वापरत असेल तरच. प्रत्यक्षात सेकंदाला चार-पाच किलोबाइट हातात आले तर गिऱ्हाईक खूश असायचं. आजच्या मोबाइलने काढलेला ३ एमबीचा एक फोटो चार किलोबाइटच्या वेगाने यायला तेरा मिनिटं लागतात. १० एमबीचा व्हिडिओ पाऊण तासाच्या आसपास, आणि मध्ये कुणी दुसऱ्या खोलीतला पॅरलल फोन उचलला की संपलं.

आणि आपल्या भागात तेवढाही वेग सगळ्यांना मिळत नव्हता. टिळकवाडी-कॅम्पात, एक्सचेंजच्या जवळ, ४४-४५ किलोबिटला जोडणी लागायची. खेड्यातल्या लांब तारेवर २८.८ मिळाले तरी नशीब. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात खांबावरच्या डीपीत, म्हणजे फोनच्या तारा जोडायच्या पेटीत, पाणी शिरलं की जॉइंट हिरवे पडायचे आणि आवाजात सतत खरखर. बोलणाऱ्याला ती चालून जाते, मोडेमला नाही. एक गोष्ट मात्र अभिमानाने सांगतो: सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेचं पहिलं १२८ पोर्टचं ग्रामीण एक्सचेंज १९८६ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, कित्तूरला बसलं. एसी नसलेल्या खोलीत चालणारं, पूर्ण देशी, डिजिटल. पण एक्सचेंज डिजिटल असून भागत नाही. तिथून मोठ्या एक्सचेंजपर्यंतचा दुवा ॲनालॉग असला, की आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज असं एक वाढीव रूपांतर होतं, आणि व्ही.९० तिथेच माघार घेऊन व्ही.३४ या जुन्या, ३३.६च्या मानकावर येतं. ५६चा मोडेम घेऊनही ३३.६च का, म्हणून दुकानदाराशी भांडलेली माणसं मला आठवतात. दुकानदाराचा काही दोष नसायचा.

‘आमचा तर १,१५,२०० ला लागायचा’ असं सांगणारे काका या फॉरवर्डखाली हटकून भेटतात. काका, तो संगणक आणि मोडेम यांच्यामधल्या केबलचा वेग. विंडोज ९५ कित्येकदा तोच आकडा दाखवायचं. फोनच्या तारेशी त्याचा संबंध नाही.

एटीएक्स३ या मोडेमला द्यायच्या हुकमाने वेग दुप्पट होतो, हा दावा कुठून आला असेल याचा मला अंदाज आहे. बाहेरच्या देशातल्या सुरांवर तयार केलेल्या मोडेमना आपल्या एक्सचेंजचा डायल टोन कधी कधी ओळखू यायचा नाही. फोन उचलून ऐकलं तर टोन चांगला येतोय, आणि विंडोज म्हणतंय एरर ६८०, टोनच नाही. तेव्हा मोडेमच्या जास्तीच्या सेटिंगमध्ये एक्स३ लिहिलं की तो टोनची वाट न बघता नंबर फिरवायचा. काल लागत नव्हतं, आज लागलं, म्हणून लोकांना ती जादू वाटली. वेगाशी या हुकमाचं काही नातं नाही.

खरं तर खराब तारेवर उलटंच करावं लागायचं: वेग मुद्दाम कमी बांधून ठेवायचा. मोडेमला मोकळा सोडला की तो ४० च्या पुढे झेप घेतो, खरखर लागते, पुन्हा जुळवाजुळव करायला थांबतो, आणि अशा दोन-चार थांब्यांनंतर तुटतो. त्याच तारेवर व्ही.३४ ठरवून दिलं की तासभर न तुटता चालायचं. ते ठरवून देण्याचा हुकूम प्रत्येक चिपचा वेगळा, म्हणून सगळ्यांना चालेल अशी एक ओळ कुणी फॉरवर्ड करत असेल तर ती बिनधास्त पुसून टाका.

तक्रार आली की मी हुकमांना सगळ्यात शेवटी हात लावायचो. आधी घरातले सगळे फोन काढायचे, एकच साधा फोन थेट रोझेटला, म्हणजे बाहेरची तार येते त्या भिंतीवरच्या डबीला, लावायचा, एखादा आकडा दाबून टोन थांबवायचा आणि त्या शांततेत ऐकायचं. घूं असा आवाज आला तर कुठेतरी विजेच्या तारेची सोबत किंवा अर्थिंगची भानगड, तडतड आली तर ओला जॉइंट. ठरावीक अंतराने टक्-टक् आलं तर शेताच्या झटका मशीनची तार फोनच्या तारेला समांतर गेलेली असण्याचा संशय घ्यायचा; खानापूरकडे रानडुकरांमुळे ही कुंपणं पुष्कळ. हे तिन्ही नसेल तरच संगणकाकडे वळायचं. तिथला माझा आवडता घोळ कोल्हापूरहून बदली होऊन आलेल्यांचा: विंडोजच्या डायलिंगच्या खिडकीत अजून ०२३१ चा भाग भरलेला, त्यामुळे संगणक आपल्या मनाने नंबराच्या आधी एसटीडी कोड जोडतोय आणि फोन भलतीकडेच जातोय.

‘फायबरच्या फोनवर आणखी जोरात’ हे सगळ्यात उफराटं. फायबरच्या पेटीला लावलेला फोन म्हणजे लांबच लांब तांब्याची तार नव्हे. तुमचा आवाज त्या पेटीतच पॅकेट होऊन कंपनीच्या जाळ्यातून जातो. आवाज दाबून पाठवणारी पद्धत वापरली असेल तर ती माणसाच्या बोलण्याच्या बेताने केलेली असते, मोडेमचा किंचाळा तिच्यातून ओळखण्याजोगा उरत नाही. न दाबता पाठवला तरी एखादं पॅकेट उशिरा आलं किंवा गळालं की जोडणी तुटते. कधीकधी १४.४ किलोबिटसारख्या वेगावर जमून जातं, पण ज्या पेटीतून सेकंदाला कित्येक मेगाबिट येतायत तिच्या फोनच्या भोकात मोडेम घालून १४ किलोबिट मिळवायचे, याला काय म्हणावं! डोक्यावर ॲन्टेना असलेल्या डब्ल्यूएलएल, म्हणजे बिनतारी लँडलाइन फोनवरही याच कारणाने साधा मोडेम चालत नव्हता.

‘वीज गेली तरी’ हे अर्धं बरोबर. तांब्याच्या लँडलाइनला एक्सचेंजच्या बॅटरीवर पुरवठा मिळतो, म्हणून फोन चालतो. मोडेमला आणि संगणकाला वीज तुमच्याच घरची लागते.

फॉरवर्डमध्ये नसलेली एक अडचणही सांगून टाकतो, कारण मोडेम सापडल्यावर पहिली ठेच तिथेच लागेल. संगणकाच्या आत बसवायचे स्वस्त मोडेम बहुतेक विनमोडेम होते: त्यांचं निम्मं काम संगणकाचा प्रोसेसर करायचा आणि ड्रायव्हरशिवाय ते निर्जीव. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटमध्ये एगिअर कंपनीच्या मोडेमचा जुना ड्रायव्हर सुरक्षेच्या कारणाने विंडोजमधून काढूनच टाकला. जुना संगणकच वापरू म्हणाल, तर विंडोज ९८चा ब्राउझर आजच्या बँकेची किंवा बातम्यांची साइट उघडणार नाही, कारण त्या साइट सुरक्षित जोडणीच्या ज्या टीएलएस १.२ या पद्धतीवर चालतात ती त्याच्या वेळी नव्हतीच. बाहेर ठेवायचा, सिरियल केबलचा मोडेम मात्र यूएसबीच्या जोडतारेवर आजही चालू शकतो.

राहिली आभाळातली वीज. या दाव्यामुळे आजही नुकसान होऊ शकतं. एप्रिल-मेमध्ये वळीव कडाडायला लागला की आमच्या टेबलावर मोडेमांची रांग लागायची, आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच: बटण बंद होतं. बटणाने विजेची तार तुटते, फोनची नाही. खांबावरून आलेली तार थेट मोडेमच्या पोटात गेलेली असते. अशा मोडेमचं लक्षण फसवं असायचं: दिवे लागतात, संगणकाला तो दिसतो, एटीझेड या तपासणीच्या हुकमाला ‘ओके’ म्हणतो, पण टोन मिळत नाही. संगणकाकडची बाजू जिवंत, फोनकडची बाजू जळलेली. अशा वेळी कितीही वेळा ड्रायव्हर टाका, काही होत नाही. तांब्याच्या तारेवरचा ब्रॉडबँड राउटर असलेल्यांना हे आजही जसंच्या तसं लागू आहे: गडगडाट सुरू व्हायच्या आधी ॲडॅप्टर आणि फोनची पिन दोन्ही काढा. फायबरवाल्यांनी ॲडॅप्टर काढला तरी पुष्कळ झालं, काचेच्या धाग्यातून वीज येत नाही.

मोडेम भंगारात द्यायचा असेल तर खुशाल द्या. फक्त त्याचा ॲडॅप्टर ‘चांगला आहे, राउटरला होईल’ म्हणून बाजूला काढू नका. बऱ्याच बाहेरच्या मोडेमांचे ॲडॅप्टर ९ व्होल्ट एसी देतात, राउटरला डीसी लागतो, आणि पिन मात्र अगदी बरोबर बसते.