पहिल्या मंडळ्यांत स्त्रिया नुसत्या श्रोत्या नव्हत्या

ख्रिस्ती ग्रुपांमधून एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतोय. त्यातले मुद्दे असे: येशूने बाराही प्रेषित पुरुषच निवडले. पहिल्या मंडळ्यांना, म्हणजे ख्रिस्ती समुदायांना, पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने स्त्रियांना मंडळीत गप्प राहायला सांगितलं. पौलाच्या पत्रात उल्लेख असलेली युनिया ही स्त्री प्रेषित होती, हा स्त्रीवाद्यांनी लावलेला शोध. त्याच पत्रातली फिबी म्हणजे हाताखाली मदत करणारी बाई. आणि स्त्रियांना मंडळीत पद देणं ही विसाव्या शतकातली पाश्चात्त्य टूम. शास्त्रावर मनापासून प्रेम करणारी माणसं हे पुढे पाठवताहेत. म्हणून उत्तरही शास्त्रातून आणि त्या काळच्या लिखाणातूनच द्यायला हवं.

बारा प्रेषितांचं आधी. ते पुरुष होते, हे खरं. पण ते बाराही यहुदी होते, आणि त्यावरून यहुदी नसलेल्याला पाळक करू नये असं कुणी म्हणत नाही. बारा हा आकडा इस्राएलाच्या बारा वंशांचा आहे. लूकच्या आठव्या अध्यायात त्या बारांबरोबरच मरीया मग्दालीया, हेरोदाच्या कारभाऱ्याची बायको योहान्ना आणि सुसान्ना गावोगाव फिरताना दिसतात, आणि खर्चही त्याच उचलतात. पुनरुत्थानाची बातमी शिष्यांना सांगायला योहानाच्या शुभवर्तमानात येशू मरीयेलाच पाठवतो.

आता 'गप्प राहा'. हा मुद्दा सगळ्यात जड वाटतो, म्हणून इथे घाई नको. वचन आहे 1 करिंथ 14:34-35. त्याच पत्रात तीनच अध्याय आधी, 11:5 मध्ये, स्त्रीने प्रार्थना करताना किंवा संदेश देताना डोकं झाकावं असं पौल सांगतो. बोलायलाच बंदी असती तर बोलताना डोक्यावर काय असावं याचा नियम कशाला सांगितला असता? शिवाय चौदाव्या अध्यायात गप्प बसायला सांगितलेल्या स्त्रिया काही एकट्या नाहीत. अर्थ सांगणारा नसेल तर अन्य भाषेत, म्हणजे प्रार्थनेच्या भरात इतरांना न कळणाऱ्या भाषेत, बोलणाऱ्यानेही गप्प राहावं (वचन 28), दुसऱ्याला प्रकटीकरण झालं तर आधीच्या वक्त्यानेही थांबावं (वचन 30). करिंथच्या सभेत गोंधळ माजला होता आणि पौल शिस्त लावत होता. काही जुन्या हस्तलिखितांत ही दोन वचनं अध्यायाच्या शेवटी सापडतात. त्यामुळे ती मुळात कुठली, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे.

दुसरं वचन 1 तीमथ्य 2:12, म्हणजे पौलाचा सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पत्रातलं, स्त्रीने शिकवू नये असं सांगणारं. तीमथ्य तेव्हा इफिसात होता, हे त्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात आहे. आणि प्रेषितांची कृत्ये 18 मध्ये त्याच इफिसात काय घडलं ते पाहा. अपुल्लो हा शास्त्रात निष्णात, वक्तृत्वाने गाजलेला माणूस. त्याचं शिक्षण अपुरं आहे हे प्रिस्किल्ला आणि अक्विला या तंबू शिवणाऱ्या जोडप्याच्या लक्षात आलं. त्यांनी त्याला आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला. नव्या करारात या जोडप्याचा उल्लेख सहा वेळा येतो आणि त्यात चार वेळा बायकोचं नाव आधी येतं. नवऱ्याचं नाव पुढे घालण्याच्या त्या काळात हे सहज झालेलं नाही. इफिसमध्ये शिकवणारी स्त्री शास्त्रानेच कौतुकाने नोंदवली आहे. मग तीमथ्याच्या पत्रातला निर्बंध सगळ्या काळासाठी आणि सगळ्या स्त्रियांसाठी होता, हे कशाच्या आधारावर म्हणायचं?

हा निर्बंध आपल्या पंडिता रमाबाईंच्याही वाट्याला आला. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्रश्न निघाला तेव्हा चर्चमधल्या वरिष्ठांनी हरकत घेतली. आपल्या वडिलांनी किंवा नवऱ्याने अशी हरकत कधी घेतली नव्हती, असं रमाबाईंनी त्यांना सुनावलं. त्याच बाईंनी नंतर केडगावात बसून हिब्रू आणि ग्रीक मुळावरून अख्खं बायबल मराठीत आणलं.

युनियाकडे येऊ. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल अंद्रोनीक आणि युनिया यांना सलाम सांगतो. ती दोघं त्याच्या आधीपासून ख्रिस्तात होती, त्याच्यासारखीच तुरुंगात होती आणि प्रेषितांमध्ये नामांकित होती. हा स्त्रीवाद्यांचा शोध असेल, तर चौथ्या शतकाच्या अखेरीस प्रवचन देणाऱ्या योहान ख्रिसोस्तमला काय म्हणायचं? स्त्रियांनी शिकवण्याच्या बाबतीत तो मुळीच उदार नव्हता. पण ग्रीक ही त्याची मातृभाषा होती, आणि प्रेषित म्हणवून घ्यायला पात्र ठरलेल्या या स्त्रीचं शहाणपण केवढं असेल, असं तो उघड म्हणतो. 'प्रेषितांना माहीत असलेली' एवढाच अर्थ काही जण काढतात. ख्रिसोस्तमने तो काढला नाही. युनिया हे स्त्रीचं नाव रोममधल्या कोरीव लेखांत अडीचशेहून अधिक वेळा सापडलं आहे. 'युनियास' असं पुरुषाचं नाव त्या काळच्या एकाही लेखात नाही. तरी 1927 साली ग्रीक नव्या कराराच्या प्रमाण आवृत्तीत ते पुरुषाचं करून छापलं गेलं आणि 1998 साली पुन्हा स्त्रीचं झालं. विसाव्या शतकात बदल झाला तो असा.

त्याच अध्यायाची सुरुवात फिबीपासून होते. ती करिंथजवळच्या किंख्रिया बंदरातल्या मंडळीची. पौल तिच्यासाठी 'दियाकोनोस' (सेवक) हा जो ग्रीक शब्द वापरतो, तोच स्वतःसाठी आणि अपुल्लोसाठीही वापरतो. पुरुषांच्या बाबतीत त्याला पद मानायचं आणि बाईच्या बाबतीत मदतनीस, हा दुजाभाव पौलाचा नाही. ती पुष्कळांची आणि आपलीही आश्रयदाती आहे, असंही तो लिहितो. पत्र रोमला बहुधा तिनेच नेलं.

आता बायबलबाहेरचा पुरावा. इ.स. 112 च्या सुमारास काळ्या समुद्राकाठच्या बिथुनियाचा राज्यपाल प्लिनी याने सम्राट त्राजानला पत्र पाठवलं. ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताचं स्तोत्र गातात, चोरी-व्यभिचार न करण्याची शपथ घेतात, एवढंच त्याला कळलं होतं. खरं काय ते काढण्यासाठी त्याने दोन दासींचा छळ केला. मंडळीत त्यांना 'सेविका' हे पदनाम होतं, असं तो स्वतः लिहितो. त्या गुलाम बायकांची नावंही त्याने नोंदवली नाहीत. मंडळीची माहिती हवी म्हणून त्याने गाठलं मात्र त्यांना.

तिसऱ्या शतकात सीरियात लिहिलेल्या नियमग्रंथात सेविकांची कामं दिली आहेत: बाप्तिस्मा घेणाऱ्या बायकांना तेल लावणं, त्यांना शिकवणं, आजारी बायकांच्या घरी जाणं. 451 सालच्या खल्केदोन परिषदेने सेविकेच्या दीक्षेसाठी किमान वय चाळीस ठरवलं. उलट गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) ऑरेंज इथल्या परिषदेने 441 साली ही दीक्षाच बंद केली. जी चालत नव्हती ती बंद करायची गरज पडली नसती.

मुख्य प्रवाहातल्या मंडळ्यांत स्त्रिया बिशप होत्या, असं मी म्हणत नाही. तसा भक्कम पुरावा नाही. सगळं समान होतं असंही नाही. सेविकेचं काम बरंचसं बायकांपुरतं होतं, आणि मोठ्या बायकांऐवजी लहान मुलांचे बाप्तिस्मे वाढले तसं ते आटत गेलं. पण 'पद नव्हतंच' आणि 'पद होतं, पुढे ते गेलं' यांत मोठं अंतर आहे, आणि फिरणारा मजकूर पहिलं सांगून मोकळा होतो. 535 साली सम्राट जस्टिनियनने कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफियाचा वाढलेला खर्च आवरायला तिथल्या सेवकवर्गावर मर्यादा घातली: 60 याजक, 100 पुरुष सेवक, 40 सेविका. स्त्रियांना पद देणं ही विसाव्या शतकातली टूम म्हणणाऱ्यांनी या चाळीस जणींना कुठे बसवायचं ते सांगावं.